आधी एक पावसाळा बघा

आज सकाळी भोरवरून पुढे हिर्डस मावळात आमच्या जागेवर पोचले आणि गाडीतून उतरायच्या आधीच कळलं की काहीतरी झालंय, कारण आमच्या खालच्या अंगाला शेती करणारे तात्या वळणावर उभे नव्हते. रविवारी आम्ही येणार म्हटलं की ते उभे असतात, पाऊस असो काही असो. आज ते खाचरात होते. पोटरीभर चिखलात, पाटीने मुरूम उपसत, आणि त्यांच्या घरच्या माई बांधावर नुसत्या बसून. रोप गेलं. इंद्रायणी भाताचं वीस-बावीस दिवसांचं रोप, या आठवड्यात लावणी धरायची होती, ते सगळं लाल गाळाखाली. कडेला हातभर पट्टीत तेवढी हिरवी टोकं वर दिसत होती.

गाळ कुठून आला ते विचारायची गरजच नव्हती. वरचा प्लॉट. मे महिन्यात तिथे तीन दिवस जेसीबी चालला, अख्खा उतार कापून मैदान केलं, कापलेली माती खालच्या बाजूला ढकलली आणि ती थेट ओहोळात गेली. मालक पुण्याचे, आपल्यासारखेच, नोकरीवाले. त्यांनी तेव्हा आपल्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता, 'साइट रेडी'. खाली पंचवीस-तीस अंगठे आणि अभिनंदन. मी काही लिहिलं नाही तेव्हा. लिहायला पाहिजे होतं, म्हणून आज लिहितेय, आणि जरा मोठं होणार आहे.

डोंगरात जमीन घेतली की पहिला फोन जेसीबीवाल्याला, हे कुणी शिकवलंय आपल्याला? खरेदीखतावरची शाई वाळलेली नसते, फेरफाराची नोंद मंजूर झालेली नसते, मोजणी तर लांबच राहिली, आणि लोक 'लेव्हलिंग' करून मोकळे. सपाट जमीनच हवी होती तर सपाट जमीन घ्यायची ना! डोंगर बघून घ्यायचा, उताराचे फोटो टाकायचे आणि मग पहिलं काम काय, तर उतार मोडायचा.

आता आमचं सांगते. आम्ही 22 गुंठे घेतले दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत. नवऱ्याच्या नावावर गावाकडचा सातबारा आहे म्हणून शेतजमीन घेता आली. आमच्याकडेही एक माणूस आला होता, म्हणाला मॅडम, तीन दिवसांत टेबलासारखं करून देतो, पावसाच्या आत. आम्ही जवळजवळ हो म्हटलं होतं. तेव्हा तात्या बांधावर उकिडवे बसले होते, त्यांची जमीन आमच्या खालच्या अंगाला. ते म्हणाले, "ताई, घर कुटं पळून चाललंय व्हय? आधी एक पावसाळा बगा. पानी कुटनं येतंय, कुटं जातंय ते तर बगा." मला तेव्हा खरं सांगायचं तर राग आला होता. पैसे आमचे, जमीन आमची. पण नवरा म्हणाला थांबू, म्हणून थांबलो.

म्हणजे पूर्ण थांबलो नाही. गाडी वरपर्यंत जावी म्हणून चाळीस फूट रस्ता तेवढा कापून घेतला मे मध्ये, वरच्या बाजूला नऊ फुटांची उभी कड राहिली. तात्या त्यालाही नको म्हणत होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रीतून ती कड खाली बसली, दोन ऐनाच्या झाडांसकट. सकाळी बघितलं तर झाडं तशीच उभी, पण उताराने पंधरा फूट खाली सरकलेली. मी खूप वेळ नुसती बघत राहिले. तिथे आमच्या घराची मागची भिंत घेणार होतो.

तर त्याच्या आधीचं, जूनमधलं सांगायचं राहिलं. पहिला मोठा पाऊस लागला त्या शनिवारी आम्ही तिथेच होतो, तात्यांच्या पडवीत. दुपारी ते उठले, घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली, कोयता घेतला, म्हणाले चला. मी रेनकोट घालून मागे मागे. बांधावरच्या निरगुडीच्या वीतभर-दीडवीत काठ्या तोडल्या त्यांनी, मूठभर मला दिल्या, आणि आमच्या जमिनीत जिथे जिथे पाणी पळताना दिसेल तिथे एकेक काठी खोचत गेले. मला वाटलं होतं पाणी सगळीकडून सारखं येतं. नाही येत! ते ठरलेल्या वाटांनी येतं. एका ठिकाणी पाणी वरून येतच नव्हतं, जमिनीतून वर येत होतं, बुडबुडत, मुरूम संपून खाली मांजऱ्या दगड लागतो बरोबर त्या रेषेत. तात्यांनी तिथे तीन काठ्या खोचल्या, शेजारी शेजारी, आणि म्हणाले, "हितं काय बी बांदू नका. हितनं पानी दिवाळीपातुर येतंय." त्या जागी आमच्या प्लॅनमध्ये किचन होतं.

एकतीस काठ्या झाल्या. मी मोजल्या.

आर्किटेक्टला मी त्या काठ्यांचे फोटो पाठवले, मोबाइलवर जागा मार्क करून. तो पोरगा चांगला आहे, त्याने आधीचा प्लॅन बाजूला ठेवला.

एक हिशेब सांगते, हा नंतर करून बघितल्यावर मला घाम फुटला. एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. आपल्या सोसायटीत येतो तो एक टँकर. घाटमाथ्यावर दिवसाला 200 मिलिमीटर ही काही विशेष गोष्ट नाही, महाबळेश्वरला जुलै 2021 मध्ये एका दिवसात 594 मिलिमीटर पडला होता. म्हणजे 200 धरला तरी आमच्या 22 गुंठ्यांवर एका दिवसात चौवेचाळीस टँकर. शिवाय वरच्या डोंगराचं येणारं ते वेगळंच. एवढं पाणी कुठूनतरी जाणारच आहे. ते पिढ्यानपिढ्या ज्या ओहोळाने गेलं तो तुम्ही बुजवलात तर ते काय परत वर जाणार आहे? ते तात्यांच्या रोपावर जाणार.

आणि ओहोळ सातबाऱ्यावर दिसत नाही हो! गाव नकाशा काढावा लागतो, आणि बारीकसारीक वाटा तर त्यातही नसतात, त्या फक्त पावसात दिसतात किंवा तात्यांसारख्या माणसाच्या डोक्यात असतात. उन्हाळ्यात जमीन बघायला गेलेल्या माणसाला ती दगडांची एक घळ दिसते, त्याला वाटतं चला, भराव टाकू, दोन गुंठे वाढतील.

हो, मला माहितीये, जेसीबीशिवाय होत नाही. आम्हीही आणला. पाया हाताने खणायचे दिवस गेले आणि गावात तेवढी माणसंही राहिली नाहीत, मान्य. पण मशीन आणायच्या आधी काय केलंय यावर सगळं आहे.

आम्ही पहिला पावसाळा संपल्यावर आधी मोजणी करून घेतली. तातडीचे पैसे भरले तरी वेळ लागला तो लागलाच. पण हद्दीच्या खुणा पक्क्या झाल्या तेव्हा कळलं की आम्ही कंपाउंड घालणार होतो ती जागा पाच फूट तात्यांच्यात होती. घातलं असतं तर? आमची बाजू खोटी आणि वर भांडणही आमचंच. वहिवाटीच्या रस्त्याचंही तेव्हाच बोलून, लिहून घेतलं. मग दिवाळीनंतर तीन ठिकाणी खड्डे घेतले, माणूस उभा राहील एवढे, खाली काय लागतंय बघायला. एकीकडे चार फुटांवर पक्का मुरूम, आणि पंचवीस फूट पलीकडे आठ फूट गेलो तरी नुसती माती. वरून बघायला दोन्ही जागा सारख्या. आता हेच जेसीबीने कापून सपाट केलं असतं तर अर्धं घर कापलेल्या कडक जमिनीवर आणि अर्धं भरावावर बसलं असतं, भराव दोन-तीन पावसाळे खाली बसत राहतो, कडक बाजू बसत नाही, आणि बरोबर मधोमध भिंतीला तडा. मग गवंड्याला शिव्या द्यायच्या.

समपातळीच्या रेषा आम्ही तीन काठ्यांच्या फ्रेमने काढल्या. दोन काठ्या वर बांधायच्या, मध्ये एक आडवी, वरून सुतळीला दगड लोंबता सोडायचा, सुतळी आडव्या काठीच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. पाणलोटाची कामं झालेल्या कुठल्याही गावात विचारा, दहावीतली पोरं करून दाखवतील. आमच्या मुलीने अर्ध्या रेषा एकटीने काढल्या चुना टाकून. त्या रेषांवर वरच्या अंगाला चर मारले, चराचं तोंड काढून ते पाणी ओहोळाला नेऊन सोडलं. ओहोळात काही टाकलं नाही, उलट त्यातली पडलेली झाडं काढली. घरासाठी एक मैदान न करता दोन टप्पे केले, चार फुटांचा फरक, हॉलमधून सहा पायऱ्या उतरून खोल्या. सासूबाईंना पायऱ्या चढायला त्रास होणार, ते खरंय, त्यांची खोली वरच्या टप्प्यावर घेतली.

वरची वीतभर काळपट माती मात्र मी जेसीबीवाल्याला आधी वेगळी काढायला लावली, एका बाजूला ढीग करून वर पाचोळा टाकला. तो वैतागला होता, म्हणत होता मातीच तर आहे. ती माती तयार व्हायला किती पावसाळे गेले असतील! आज त्याच मातीत लावलेली लिंबाची आणि कढीपत्त्याची रोपं कमरेएवढी झालीत.

टप्प्यांना ताल, म्हणजे आधाराची भिंत, घातली ती दगडाचीच, सिमेंट न लावता. गावातले दोन म्हातारे मिळाले अजून ते काम येणारे. दगड हातात घेऊन फिरवतात, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ठेवतात तो हलत नाही. मागून बारका दगड भरत जातात, भिंत जरा डोंगराकडे कललेली. पाणी फटीतून निघून जातं त्यामुळे मागे दाब बसत नाही. काँक्रीटची भिंत घालायला हरकत नाही, पण तिच्यात पाणी जायला पाइप ठेवावे लागतात आणि मागे खडी भरावी लागते, आणि वरच्या प्लॉटवाल्यांच्या भिंतीत मी आज बघितलं, एकही भोक नाही. एकही. सहा फूट उंच भिंत, मागे ओला भराव, आणि ती सरळ माईंच्या गोठ्याच्या वर.

मला हे लिहितानाच परत भीती वाटायला लागलीय.

माळीण आठवतं ना? 30 जुलै 2014. मग तळीये 2021, इर्शाळवाडी 2023. सगळं जुलैमध्येच. माळीणची कारणं काय यावर खूप वाद झाले, आणि प्रत्येक जागेचा डोंगर वेगळा, कबूल. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. पण आमच्या नऊ फुटांच्या कडेवर ती दोन ऐनाची झाडं उभी असताना ती कड उताराने पंधरा फूट खाली गेली, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि त्या कडेखाली कुणी झोपलेलं नव्हतं हे आमचं नशीब. दरवेळी खाली कोण असतं? खाली तात्याच असतात. आपण वर, व्ह्यू असलेल्या जागेत.

कुणीतरी म्हणेलच की मग गावातल्यांनी जमिनी विकल्या कशाला. विकल्या. पोरीच्या लग्नाला विकल्या, दवाखान्याला विकल्या, काहींनी गाडीसाठीही विकल्या. त्याने काय होतं? जमीन विकली म्हणजे त्यांनी उरलेल्या जमिनीवर तुमचा राडारोडा घ्यायचं कबूल केलं का?

मी दुपारी वरच्या प्लॉटवाल्यांना फोन केला. भांडायच्या तयारीत होते. ते आधी म्हणाले आमच्या कॉन्ट्रॅक्टरने सगळं बघून केलंय. मग मी खाचराचे फोटो पाठवले, भिंतीचेही पाठवले. पंधरा मिनिटांनी त्यांच्या मिसेसचा फोन आला, त्या रडत होत्या. म्हणाल्या आम्हाला खरंच माहिती नव्हतं, तिथे ओहोळ होता हे कुणी सांगितलंच नाही. माझा आवाज तिथे खाली आला. कारण आम्हालाही कुणी सांगितलं नसतं. आम्हाला तात्या भेटले, बस. उद्या ते दोघं येतायत, ओहोळाचं तोंड मोकळं करायचं आणि भिंतीला भोकं पाडून घ्यायची असं ठरलंय, आर्किटेक्टशी बोलून, कारण भर पावसात वेडंवाकडं मशीन लावलं तर आणखी खाली येईल. नुकसानीचं त्यांनीच काढलं, मला सांगावं लागलं नाही. तेवढ्याने राग पूर्ण गेला असं नाही.

निरगुडीचं राहिलं. त्या एकतीस काठ्यांतल्या अकरा फुटल्या. नुसत्या खोचलेल्या काठ्या, मुळंबिळं काही नव्हती. किचनच्या जागी होत्या त्या तिन्ही लागल्या, आता माझ्या डोक्याच्या वर गेल्यात, निळसर फुलं येतात. तिथे आम्ही छोटं कुंड केलंय, दिवाळीपर्यंत पाणी असतं, अगदी तात्या म्हणाले तसं. जोतं त्याच्या वीस फूट वर आलंय आमचं. काम पावसाळ्यासाठी थांबवलंय.

आज निघताना मी तात्यांना म्हटलं, तुम्ही त्यांनाही मे मध्ये सांगितलं होतं का? ते पाटी धूत होते. म्हणाले, "सांगाय गेल्तो. मशीनचा आवाज लय हुता."

रोपाचं बघतोय. तात्यांच्या मेव्हण्याकडे पलीकडच्या गावात थोडं जास्तीचं आहे, इंद्रायणी नाही, पण कोळंब आहे, चालेल म्हणालेत. शनिवारपर्यंत खाचर साफ झालं पाहिजे, मग लगेच लावणी. घरात माणसं दोनच. आम्ही तिघं शनिवारी जातोय, सकाळी सहाला कोथरूडवरून निघू, गाडीत अजून दोन जागा आहेत. पाट्या आणि फावडी आहेत, जुने कपडे आणि दुसरा जोड तेवढा आणा, जेवण माईंकडे, भाकरी आणि कालवण. येणाऱ्यांनी खाली लिहा किंवा फोन करा, शुक्रवारी रात्रीपर्यंत.