‘आधी मशीन उघडून बघा’ म्हणणाऱ्या साहेबांना

झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या बीपवर मी लिहिलेल्या लेखाला ‘जुना टेक्निशियन’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: स्पेक्ट्रममध्ये आवाज यूएलए (पडद्याचं वगैरे काम सांभाळणारी खास चिप) काढते, प्रोसेसर नाही, तेव्हा “लेखकाने आधी एखादं मशीन उघडून बघावं, मग शिकवायला बसावं.” शिवाय आयबीएम पीसीचा बीप १००० हर्ट्झचा असतो, मी लिहिला तसा ८९६ चा नाही, पीसी हा मुळात घरगुती संगणकच नव्हे, आणि लेख फार लांब आहे.

लेख लांब झाला, मान्य. आकृतीतली अक्षरंही बारीक आली आहेत. झालं समाधान?

आता ते “शिकवायला बसावं”. काहून हो साहेब? मी कुठे शिकवणी लावली होती? ज्यांनी ही मशीन्स वापरली त्यांच्याशी चार गप्पा माराव्यात एवढाच त्या लेखाचा हेतू, आणि तो पहिल्याच परिच्छेदात लिहिलाय. मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा. पण समोरच्याच्या हाताला कधी सोल्डरिंग आयर्न लागलं की नाही, हे टोपणनावाआडून तुम्ही कसं काय ठरवून राहिले?

विचारलंच आहे तर सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मामांनी मस्कतहून आणलेला स्पेक्ट्रम नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या घरी होता. मे महिन्यात तो इतका तापायचा की कूलरसमोर ठेवल्याशिवाय चालायचा नाही, आणि कूलरच्या घरघरीत बीप काही ऐकू यायचा नाही. मग मागचं माईक सॉकेट टेपरेकॉर्डरला जोडायचं, रेकॉर्ड आणि पॉज एकदम दाबायचं आणि इअरफोनवर ऐकायचं. तो उघडला बर्डीवरच्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, जिथे मी सुट्टीत काम शिकायला जात असे. कव्हर उचललं की कीबोर्डच्या मेंब्रेनच्या दोन पातळ पट्ट्या सॉकेटमधून सरळ वर ओढून काढाव्या लागतात. वाकड्या ओढल्या की तडकतात आणि अर्धा कीबोर्ड मुका होतो. मशीन उघडलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तुमच्या प्रतिक्रियेत त्या पट्ट्यांचा उल्लेख नाही. म्हणून तुम्ही कधी उघडलंच नसेल, असं मी म्हणालो का?

असो. यूएलए.

स्पीकरकडे जाणारा सिग्नल यूएलएच्या पिनेतून निघतो, हे खरंच आहे, आणि तसं लेखात आलेलंही आहे. पण यूएलए तिथे करते काय? प्रोसेसर पोर्ट २५४ वर एक आकडा पाठवतो. त्यातले खालचे तीन बिट पडद्याच्या कडेचा रंग ठरवतात, बिट ३ माईकसाठी, बिट ४ स्पीकरसाठी. यूएलए तो बिट धरून ठेवते, पुढचा आकडा येईपर्यंत. बस. आवाजासाठी तिच्यात ना टायमर, ना ऑसिलेटर. मधला ‘सा’ म्हणजे पियानोचा मिडल सी हवा असेल, साधारण २६१.६ हर्ट्झचा, तर ३.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३५ लाख ठोक्यांवर, चालणाऱ्या झेड८० ला (स्पेक्ट्रमचा प्रोसेसर) दर ६,६९० ठोक्यांच्या आसपास तो बिट स्वतः उलटवावा लागतो, आणि मधला सगळा वेळ रिकाम्या फेऱ्या मोजत बसावं लागतं. शाळेची घंटा शिपाई वाजवतो की ती ज्या कडीला टांगली आहे ती कडी?

पटत नसेल तर माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्पेक्ट्रमलाच विचारा. मेमरीत पत्ता २३६७२ वर त्याचं घड्याळ असतं, सेकंदाला ५० ने वाढणारं; ‘पीक’ म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं. ही एक ओळ चालवा: लेट ए = पीक २३६७२ : बीप २,० : प्रिंट पीक २३६७२ - ए. दोन सेकंद वाजल्यावर उत्तर शंभराच्या घरात यायला हवं. त्याच्या जवळपासही येत नाही, कारण बीप वाजत असताना रॉममधला रूटीन इंटरप्ट (घड्याळ पुढे ढकलायला प्रोसेसरला ठरावीक वेळाने मिळणारी हाक) बंद करतो आणि घड्याळ थांबतं. आवाज यूएलए काढत असती तर प्रोसेसरला घड्याळ सोडून बसायचं कारण काय?

उलट यूएलएचा आवाजात स्वतःचा हात असेल तर तो बिघडवण्यात. पडदा रंगवण्यासाठी तिला १६३८४ ते ३२७६७ या पत्त्यांची मेमरी लागते, आणि त्या वेळात प्रोसेसर तिथे आला तर ती त्याला थांबवून ठेवते. आवाजाचा तुमचा मशीन कोड त्या भागात असला तर सूर खरखरतो. म्हणून जाणकार लोक तो ३२७६८ च्या वर ठेवत. तुम्हाला हे ठाऊक असणारच.

तुम्ही म्हणता तसं मशीनही होतं, पण ते वेगळं. ‘क्लास’ या सरकारी संगणक-साक्षरता योजनेतून भारतातल्या शाळांमध्ये आलेल्या बीबीसी मायक्रोत एसएन७६४८९ ही खरोखरची आवाजाची चिप होती. तिला सूर सांगितला की ती वाजवत बसते, प्रोसेसर आपल्या कामाला मोकळा. (आमच्या शाळेत तो आला होता म्हणे. कुलूपबंद कपाटाबाहेर काही आम्ही तो पाहिला नाही.) आणि ॲपल टू दुसऱ्या टोकाला: ४९२०० हा पत्ता नुसता वाचला की स्पीकरचा पडदा एकदा हलतो. तिथे तर दोष द्यायला यूएलएसुद्धा नाही.

पीसीचं म्हणाल तर आयबीएमच्या मूळ बायोसमध्ये (मशीनमध्ये कायम बसवलेल्या प्रोग्रामात) टिप्पणी १००० हर्ट्झची आहे, पण बीपसाठी टायमरला दिलेला भाजक १३३१ चा. टायमरचे सेकंदाचे ठोके ११९३१८२, भागिले १३३१, भागाकार घरी करून घ्या. पीसी घरगुती होता की नव्हता, ह्यावर मी वाद घालणार नाही. नसेल बाप्पा.

तुमची प्रतिक्रिया जशी आली तशीच ठेवली आहे, एक अक्षर काढलेलं नाही. उत्तर द्यायचं असेल तर त्या वजाबाकीचा आकडा काय आला तो आधी लिहा. मग यूएलएचं बोलू.