कोपरीकर, त्या ४७ रुपये ५० पैशांबद्दल

कोपरीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा मी लगेच उत्तर टाइप करायला बसले होते. अर्ध्यात असताना वीज गेली आणि लिहिलेलं सगळं उडालं. बरंच झालं. त्यात मी तुम्हाला 'भावनेच्या आहारी जाऊ नका' वगैरे सुनावलं होतं.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. 'गॅसवाल्याची पठाणी वसुली' असा एक लेख मी लिहिला होता. सिलेंडरच्या बिलावर ८५२ रुपये ५० पैसे असताना तो सरळ ९०० घेतो, अशी तक्रार होती. त्यावर कोपरीकरांचं म्हणणं असं: तीस किलोचा बाटला तीन मजले चढवणाऱ्याशी ४७ रुपये ५० पैशांसाठी हुज्जत घालणं हा कद्रूपणा आहे, त्याला ग्राहकहक्काचं नाव देऊ नका. हॉटेलात सर्व्हिस चार्ज मुकाट भरणारे, रिक्षात वरचे चार रुपये सोडणारे लोक गॅसवाल्यापुढेच नियम काढतात, कारण तो उलटून बोलू शकत नाही. आणि शेवटी हे: 'मॅडम, माझ्या वडिलांनी बावीस वर्षं बाटले वाहिले. उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता. एजन्सी पगार द्यायची नाही, बाटल्यामागे पैसे द्यायची. लोकांनी दिलेल्या वरच्या दहा-वीस रुपयांवर माझी शाळा झाली.'

'पठाणी' हा शब्द मी मागे घेतला आहे, मथळाही बदलला आहे. पठाणी वसुली सावकार करतो. या माणसाने मला कर्ज दिलेलं नव्हतं, माझ्यासाठी ओझं वाहिलं होतं.

पण मथळ्यापेक्षा मोठी चूक अशी की त्या दुपारची हकीकत मी चार ओळींत उरकली आणि मला अडचणीचं होतं ते गाळलं. ते आता लिहिते.

आमची इमारत ठाण्यात चरईतली, जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली. गल्लीत पाइपचा गॅस येऊन जमाना झाला. पण आमची सोसायटी अकरा वर्षं रिडेव्हलपमेंटची वाट बघते आहे, आणि पाडायच्या इमारतीत पाइपलाइनचा खर्च कोण करणार? जिन्यातला बल्बही याच कारणाने कोणी बदलत नाही. असो. तर आमच्याकडे अजून बाटलाच. टेम्पो गल्लीत थांबला की खालून हाक येते, 'तिसरा मजलाऽ, कोड बोलाऽ!' मोबाइलवर आलेला तो कोड खरं म्हणजे बाटला घरात आल्यावर द्यायचा. पण वर आल्यावर कोणाचा मोबाइल चार्जिंगला, कोणाचा सुनेकडे. म्हणून तो खालूनच विचारून घेतो, आणि आम्ही गॅलरीतून चार आकडे ओरडून मोकळे. समोरच्या अख्ख्या बिल्डिंगला कोणाचा गॅस आला ते कळतं.

गेल्या ऑक्टोबरातली दुपार होती. ऊन मी म्हणत होतं. तो बाटला खांद्यावर घेऊन वर आला, दारात ठेवला, आणि मी म्हटलं, 'थांबा, तोलून घेऊ.' मागेन तेव्हा बाटला तोलून मिळणं हा माझा हक्कच आहे आणि काटा त्याच्याकडे असायला हवा. तो नव्हता. मग मी घरातला काढला, प्रवासाच्या बॅगा तोलायचा, हुकाचा, पन्नास किलोंपर्यंत चालणारा. आता गंमत बघा. काटा माझा, शंका माझी, पण तीस किलो हुकाला लटकवून उचलायचे कोणी? त्यानेच उचलले. मान आखडून, एक पाय उंबऱ्याला टेकवून, आकडा स्थिर होईपर्यंत धरून ठेवले.

बाटल्याच्या मानेशी उभ्या पट्ट्या असतात. त्यातल्या एकीवर रिकाम्या बाटल्याचं वजन असतं. याच्यावर १५.८ होतं. त्यात गॅसचे १४.२ मिळवले की बरोबर ३० किलो. काट्याने ३०.०५ दाखवले. दीडशे ग्रॅमपर्यंतचा फरक नियमातच धरलेला आहे, इथे तेवढाही नव्हता. आणि तरी लेखात मी लिहिलं की 'वजनाबाबतही शंकेला जागा आहे'. जागा नव्हती, मी ती केली. ते वाक्यही काढून टाकलं आहे.

मग पैसे. मी ९०० दिले, त्याने खिशात घातले आणि रिकामा बाटला उचलून वळला. 'वरचे?' म्हटलं, तर म्हणाला, 'मावशी, तीन मजले आहेत.' परत विचारलं तर 'सुट्टे नाहीत.' मग मी नोटा परत मागितल्या, आत गेले, फडताळातला डबा काढला आणि ८५३ मोजून आणले. पन्नास पैसे कुठून आणणार? तोवर तो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता, शर्ट पाठीला चिकटलेला. त्याला पाणी विचारायचं मला सुचलं नाही. हे तुम्ही विचारलेलं नाही, मीच सांगते आहे.

इथवर तुमचं खरं. पुढचं मला पटलेलं नाही.

तुम्ही म्हणता, वरचे पैसे म्हणजे श्रमाची किंमत. पण ती किंमत आपण आधीच मोजलेली असते हो. सिलेंडरच्या दरात एजन्सीचं कमिशन असतं आणि त्या कमिशनचे दोन भाग असतात, एक एजन्सी चालवण्याचा आणि दुसरा घरपोच देण्याचा. गोदामावर जाऊन स्वतः बाटला आणला तर हा दुसरा भाग बिलातून वजा करून मिळतो. आणि घरपोच म्हणजे घरात, मग मजला कुठलाही असो. म्हणजे बाटला वर चढवण्याचे पैसे दर बुकिंगला माझ्या खिशातून जातात. ते तुमच्या वडिलांपर्यंत किती पोचत होते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे.

रिक्षाचं म्हणाल तर चरईतून स्टेशनला जाताना चार रुपये मीही सोडते. १ फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २६ झालं, त्याच्याकडे सुट्टे नसतात आणि माझ्याकडेही नसतात. पण मीटरवर २६ दिसत असतात. ३० करायचे की नाही हे मी ठरवते. हॉटेलातल्या सर्व्हिस चार्जबद्दल मात्र तुम्ही चुकीच्या बाईला पकडलंत. राममारुती रोडवर एकदा तो बिलातून काढायला लावताना माझ्या नवऱ्याने लाजेने मेनूकार्ड तोंडापुढे धरलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं की हा चार्ज आपोआप बिलात लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. द्यायचं तर गिऱ्हाईक आपखुशीने देईल, इतकं साधं आहे ते.

माझ्या माहेरी दिवाळीला पोस्त असायची. पोस्टमन, पेपरवाला, दूधवाला, गॅसवाला, सगळ्यांना. आई पाकिटं आधीच भरून ठेवायची, कोणाला किती यावर बाबांशी तिची दरवर्षी खडाजंगी व्हायची. कोणाला कमी पडली तर तो मनात शिव्या देत असेलही, पण म्हणून दुसऱ्या दिवशी दूध अडत नसे.

इथे अडतं. आमच्या शेजारच्या आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. यजमानांच्या पेन्शनवर महिना काढतात, सिलेंडर दोन महिने पुरवतात. एका खेपेला त्यांनी वरचे वीस रुपयेच दिले, म्हणून पुढचा बाटला तळमजल्यावर मीटरच्या पेट्यांशेजारी ठेवून तो निघून गेला. असं दोनदा झालं. आजींनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला चाळीस रुपये देऊन तो वर आणवला. मी दारात उभी राहून भांडू शकते, माझ्याकडे काटा आहे, तक्रार कुठे करायची ते मला माहीत आहे. आजींना यातलं काही जमत नाही, म्हणून त्या सगळ्यांपेक्षा जास्त भरतात. तुम्ही लिहिलंत की आम्ही गरिबापुढे नियम काढतो. या जिन्यात सगळ्यात गरीब कोण, ते मला तुमच्याइतकं सोपं वाटत नाही.

आता जे मी लेखात लिहिलंच नव्हतं ते. त्या दुपारी मी कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार टाकली होती. तिसऱ्या दिवशी एजन्सीतून फोन आला. अतिशय गोड आवाज. 'मॅडम, त्या पोराला आजच काढून टाकतो, तुम्ही तेवढी तक्रार मागे घ्या.' मी म्हटलं, काढू नका, त्याला बाटल्यामागे काय देता ते सांगा. त्यावर 'ते आमचं इंटर्नल आहे.' मग म्हटलं, निदान बिलावर ठळक छापा की मजला कुठलाही असो, जादा पैसे देऊ नयेत. त्यावर 'मॅडम, ऑफिसात बोर्ड लावलेला आहे.' दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन बघितलं. बोर्ड आहे. त्याच्यावर एका बँकेचं कॅलेंडर टांगलेलं आहे, कोपरा तेवढा दिसतो.

तक्रार मी मागे घेतली. घाबरून नाही, त्याची नोकरी जाईल म्हणून. म्हणजे माझ्या तक्रारीने एजन्सीचं काडीचं बिघडणार नव्हतं, जाणार होता तो. ही गोष्ट मी लेखात का लिहिली नाही? कारण मग लेखातला खलनायक बदलावा लागला असता, आणि 'गॅसवाल्याची पठाणी वसुली' हा मथळा हातातून गेला असता. जिन्यात घामाघूम उभ्या असलेल्या माणसावर चिडणं सोपं असतं, गोड आवाजाच्या माणसावर कसं चिडायचं तेच कळत नाही. तुमचा राग मला लागू पडतो तो इथे.

पण तुम्हीही थोडं बघा. तुमची शाळा लोकांच्या वरच्या दहा-वीस रुपयांवर झाली असं तुम्ही अभिमानाने लिहिता. वडिलांचा अभिमान असायलाच हवा. पण ती बावीस वर्षं एजन्सीचा एक खर्च चरईतल्या, कोपरीतल्या, कळव्यातल्या बायका डब्यातून काढून देत होत्या, आणि 'आम्ही काय करणार, लोक देतातच' असं म्हणायला एजन्सी मोकळी होती. मी ४७ रुपये ५० पैसे सोडून दिले असते तर त्याचं त्या दिवसाचं भागलं असतं. त्याच्या पगाराचा विषय मात्र कोणी काढला नसता.

तो अजून आमच्याकडेच येतो. पैसे मी आता बुकिंग करतानाच ऑनलाइन भरते. पहिल्या वेळी तो म्हणाला, 'मावशी, ते एजन्सीला गेले, आमचं काय?' तेव्हा मी पाणी दिलं आणि बसवून विचारलं, बाटल्यामागे किती मिळतात. त्याने आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही, गावभर व्हायचा आणि भोगेल तो. दिवाळीला पोस्त दिली, पाकिटात घालून. आजींचा बाटला आता वर येतो. पण तो माझ्या भिडेखातर येतो, नियमाने नाही, हे मला ठाऊक आहे.

एक विनंती. तुमच्या वडिलांना एजन्सीकडून कधी कागदावर काही मिळालं होतं का? पगाराची चिठ्ठी, हजेरीचं कार्ड, पीएफचा नंबर, ओळखपत्र, काहीही? जुन्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत बघा. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या एजन्सीत जाणार आहे, या वेळी सगळ्या पोरांचं विचारायला. तुम्ही आलात तर बरं होईल. कोपरीतून स्टेशनचा पूल ओलांडला की पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. कॅलेंडर मी बाजूला करीन, बोर्ड तुम्ही मोठ्याने वाचा.