दिसलं की सुचतं म्हणे

कथा अडली की आजूबाजूच्या प्रत्येकाकडे एकच औषध असतं. "चार दिवस कुठेतरी फिरून ये, आपोआप सुचेल." सांगणाऱ्यांची समजूत अशी दिसते की कथानकं सूर्यास्ताच्या पॉइंटवर, कठड्यापाशी ढीग लावून ठेवलेली असतात, लेखकाने फक्त पिशवी घेऊन जायचं. मी पिशवीऐवजी कॅमेरा नेतो. पण सूर्यास्त काही माझ्या कथेच्या कामी आलेला नाही. त्याचा शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक असतो.

मला लागतात त्या भलत्याच गोष्टी. रिकाम्या खुर्च्या, बाकाखाली राहिलेली एकच चप्पल, पाटीवरचं अर्धवट पुसलेलं नाव. एकट्याने हिंडताना हे चालून जातं. बायको बरोबर असली की प्रश्न येतो. ती कठड्याला टेकून, ओढणी वाऱ्यावर सोडून, चेहऱ्यावरचं हसू कसंबसं धरून उभी असते आणि मी तिच्याकडे पाठ करून एका कुलपासमोर गुडघ्यावर बसलेला असतो. "त्या कुलपाचं झालं की माझा काढशील का?" असं ती विचारते तेव्हा सगळा पॉइंट माझ्याकडे वळून बघतो. परतल्यावर नातेवाईक भक्तिभावाने फोटो बघतात आणि शेवटी हळूच विचारतात, "छान आहेत हो, पण तुम्ही गेला होतात कुठे?"

ते कुलूपही साधं नव्हतं. एका दाराला दोन कुलपं होती. एक गंजून कडीशी एकजीव झालेलं, दुसरं नवंकोरं, त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. माझ्या डोक्यात लगेच दोन भाऊ उभे राहिले. वाटणी, अबोला, एकमेकांवर विश्वास नाही म्हणून दोघांचं वेगवेगळं कुलूप. तेवढ्यात मागून आवाज आला, "मोजणीला आलात का?" घराचे मालक होते. माझ्या हातात कॅमेरा आणि गुडघ्याला माती पाहून त्यांनी मला आधी सरकारी माणूस ठरवलं, मग बँकेचा वसुलीवाला. मी कथा लिहितो म्हटल्यावर त्यांचा संशय आणखी वाढला. शेवटी मी धीर करून दोन कुलपांचं विचारलं. "पहिल्याची किल्ली हरवली. चोरांना वाटावं बंदोबस्त आहे, म्हणून दुसरं लावलं. आम्ही मागच्या दाराने जातो, ते उघडंच असतं." एवढं बोलून ते मागच्या दाराने आत गेले. कथेत मी भाऊच ठेवले. खरं कारण लिहिलं असतं तर लेखकाने पाट्या टाकल्या असं वाचक म्हणाले असते.

या छंदाला आधार म्हणून मी एक जुना फोटो मनाशी धरून असतो. 1838 च्या सुमारास, फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या दागेर यांनी पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचा, उंच खिडकीतून काढलेला. तेव्हा प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. त्यामुळे धावणाऱ्या घोडागाड्या, लगबगीने जाणारी माणसं, सगळं पुसलं गेलं आणि रस्ता ओसाड दिसला. कोपऱ्यात एकजण मात्र बूट पॉलिश करून घ्यायला थांबला होता, तेवढा राहिला. माणूस टिपला गेलेला सर्वांत जुना ज्ञात फोटो म्हणून तो ओळखला जातो. मिरवायला निघालेले सगळे गायब, आणि इतिहासात गेला तो एक पाय पुढे करून उभा असलेला अनामिक! हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मग इतका वेळ थांबूनही मी कुठल्याच फोटोत का येत नाही?"

थोरामोठ्यांचे दाखले देतानाही जपावं लागतं. मेक्सिकोचे लेखक हुआन रुल्फो टायर विकायला गावोगाव हिंडायचे, सोबत कॅमेरा असायचा. नुसत्या फोटोंतूनही ते थोर ठरले असते. पण कथा-कादंबरीची त्यांची दोन बारीक पुस्तकं 1953 आणि 1955 साली आली आणि पुढे त्यांनी फारसं काही छापलंच नाही. हे घरी सांगितलं तर "टायर तरी विक" असं उत्तर येईल. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला हे त्याहून अडचणीचं उदाहरण. 1893 पर्यंत त्यांनी वीस कादंबऱ्यांची मालिका पूर्ण केली आणि मगच कॅमेऱ्याचा नाद जोरात धरला. माझ्याकडे नाद आधी तयार आहे.

त्यात 2014 साली लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू, नुसत्या बघणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. घरात हे कुणीतरी मला मोठ्याने वाचून दाखवलं. पुढचा भाग मी स्वतः वाचला: वस्तूच्या एखाद्या भागावर झूम केलं, तर आठवण तशी कमी होत नाही. कुलपासमोर गुडघे टेकण्याला शास्त्राचा पाठिंबा आहे, हे आता मी कुणालाही सांगू शकतो.

तरी फोटोत वास येत नाही, आवाज येत नाही. म्हणून फोटो काढला की लगेच एक ओळ फोनमध्ये बोलून ठेवायची सवय मी लावून घेतली. एकदा बसमध्ये शेजाऱ्याच्या हातांचा, परवानगी घेऊन, फोटो काढला आणि तोंडाशी फोन धरून पुटपुटलो, "हा माणूस खोटं बोलतोय, बायकोला सोडून पळालाय." त्या माणसाला ऐकू छान येत होतं. त्याची बायको पुढच्या सीटवर होती. तिलाही.

फोनचं तर वेगळंच. बेवारस चपला आणि रिकाम्या खुर्च्या एकत्र करून, त्यावर आनंदी संगीत लावून तो पहाटे पहाटे मला 'तुमचे सुंदर क्षण' दाखवतो.

आणि एवढं करून कथा मिळाली ती बायकोच्याच फोटोत. धबधब्यापाशी ती मनासारखी आली होती, म्हणून मोठा करून बघत होतो. मागे, अगदी कडेला, कोट घातलेला एक माणूस. गळ्यात टाय, हातात फाईल, भिजू नये म्हणून छातीशी धरलेली, नजर घड्याळावर. धबधब्यावर हा कुणाची वाट बघतोय? एका बैठकीत कथा झाली. बायकोने वाचली, म्हणाली, "फोटो माझा, कथा त्याची?"

संपादकांनी कथा आवडल्याचं कळवलं, पण धबधब्यावर टाय पटत नाही म्हणाले. मी पुरावा म्हणून तो फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "फोटो उत्तम. वहिनी प्रसन्न दिसताहेत. टाय मात्र काढावा."