सीमा ओलांडायचीच असेल तर सिरोंच्याला या

मित्राने रात्रीच्या बसने व्हिएतनाममधून लाओसमध्ये शिरतानाचे फोटो टाकले आणि तुमच्या पोटात कालवलं, हे समजू शकतो. पण त्यासाठी विमानाचे पैसे कशाला घालवता? गडचिरोली जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाला सिरोंचा आहे. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, समोर तेलंगणा. आणखी खाली सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते, तिच्या पलीकडे छत्तीसगड. मुंबई हजार किलोमीटरच्या पल्याड, हैदराबाद तीनशेच्या आसपास. इतकं दुर्गम तुम्हाला लाओसमध्येही सहजासहजी मिळायचं नाही, आणि इथे व्हिसा लागत नाही.

आधी पाठीवरची पिशवी. सत्तर लिटरची, वॉटरप्रूफ, कमरेला पट्टा असलेली घ्या. गाडीत ती मांडीवर धरावी लागेल, कारण वरच्या रॅकवर आणि इंजिनशेजारी अगोदरच युरियाची रिकामी पोती येऊन बसलेली असतील. रिकामी म्हणजे युरियापुरती. आत घडी केलेल्या गोधड्या, एक जर्मनचं गंज म्हणजे पातेलं, पाच-सात किलो तांदूळ आणि लेकराचं स्वेटर. ही मंडळी मिरची तोडायला चालली आहेत. धान निघालं की गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडून दरवर्षी माणसं तेलंगणात मिरचीवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. तीन-चार महिन्यांचं सामान एका पोत्यात बसवायचं कसं, यावर त्यांनी अजून व्हिडिओ काढलेला नाही. 2020 च्या टाळेबंदीत तर त्यांच्यातल्या कितीकांनी बसचीही चैन केली नव्हती. जंगलातून पायी आले होते. तुम्ही ज्याला ट्रेक म्हणता, तोच प्रकार, फक्त पाण्याच्या बाटलीशिवाय.

गाडी आलापल्लीहून धरा. वेळ विचारू नका. वेळ विचारणारा माणूस बाहेरगावचा, हे पानठेल्यावर लगेच ओळखतात. पुढचा रस्ता सागाच्या जंगलातून जातो आणि पाटीवर तो राष्ट्रीय महामार्ग आहे. पाटी चांगली आहे. मोबाईलमधलं पावलं मोजणारं अ‍ॅप चालू ठेवा. बसल्या जागी आठ-दहा हजार पावलं सहज होतात. पावसाळ्यात येत असाल तर मधल्या नाल्यांवरून पाणी जातं आणि गाडी अलीकडे थांबते. अशा वेळी ड्रायव्हरला ‘किती वेळ लागेल’ असं विचारावं. तो नाल्याकडे बोट दाखवतो. प्रश्न नाल्याचा आहे, त्याला विचारा.

आता मुख्य विधी. तुम्हाला वाटेल सीमा नदीत असते. नसते. सीमा कंडक्टरच्या तिकिटाच्या मशीनमध्ये असते. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढे पूर्ण. तुमच्या पुढच्या सीटवर एक मावशी असेल, करीमनगरच्या दवाखान्यात निघालेली, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. (सिरोंच्याकडची माणसं जिल्ह्याच्या दवाखान्यापेक्षा तिकडे जाणं पसंत करतात. दोनेकशे किलोमीटर उलटं चढून गडचिरोलीला जायचं तर आजारही वाटेत कंटाळतो.) कंडक्टर तिला समजावून सांगतो, बाई, हद्दीवरी अर्धं, पुढं फुल. ती लुगड्याच्या पदराची गाठ सोडते, नोटा मोजते आणि विचारते,

“म्हणजे पुलावरी मी अर्धी, अन् पुलाच्या पल्याड गेली की पुरी का जी?”

कंडक्टर मशीनचा कागद फाडतो. उत्तर देत नाही. त्याच्या मशीनमध्ये या प्रश्नाला बटण नाही.

गंमत पुढेच आहे. पलीकडे डिसेंबर 2023 पासून बायकांना तिथल्या सरकारी बसमध्ये तिकीटच नाही, फक्त आधार कार्ड तेलंगणाचं हवं. मावशीची लेक नदीपलीकडे दिलेली आहे. ती फुकट फिरते. आई अर्धी, मग पुरी, आणि तिकडची बस धरली तरी पुरीच. एकाच घरातल्या दोघींना नदीने असं तीन भावांत विकलं आहे. तुमच्या पासपोर्टावर एवढे शिक्के आहेत का?

शिक्क्यावरून आठवलं. सीमा ओलांडण्याच्या शर्यतीत इथल्या म्हाताऱ्यांच्या नादी लागू नका, हराल. सिरोंच्यातली नव्वदीची आजी घ्या. जन्मली ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात, 1950 मध्ये मध्य प्रदेशात गेली, 1956 मध्ये मुंबई राज्यात, 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1982 पर्यंत जिल्हा चंद्रपूर होता, मग गडचिरोली झाला. नदीपलीकडची तिची मावसबहीण निजामाच्या राज्यात जन्मली, 1948 मध्ये भारतात आली, 1956 मध्ये आंध्र प्रदेशात आणि 2014 मध्ये तेलंगणात. दोघींनी या सगळ्या प्रवासात अंगणही सोडलं नाही. आणि इतकं होऊनही इकडची माणसं पलीकडच्याला अजून ‘आंध्रा’च म्हणतात. त्यांना सुधारायला जाऊ नका, ते चार राज्यं बघून बसलेत.

पूल येईल तेव्हा तुम्ही झोपलेले असाल. सगळेच असतात. जाग आलीच तर खाली गोदावरीची काळी रेघ आणि वाळू दिसेल, फोनवर तेलगूत कुणीतरी बाई बोलायला लागेल आणि समोर कालेश्वरम. तिथल्या देवळात एकाच चौथऱ्यावर दोन लिंगं आहेत, एक यमाचं, एक शिवाचं. दोन सरकारांना नदीच्या पाण्याबाबत जे जमत नाही ते या दोघांनी शेकडो वर्षं जमवलंय. शेजारी मेडीगड्डाचं धरणही पाहून घ्या. 2019 मध्ये उद्घाटन झालं, 2023 च्या ऑक्टोबरात खांब खचले. धरण तेलंगणाचं, फुगवटा आला सिरोंच्याच्या शेतांत. पाण्याला मात्र तिकीट लागत नाही, अर्धंही नाही.

परतताना खरी इमिग्रेशन लागते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि पलीकडे दुकानं आहेत, त्यामुळे रात्री गाडी थांबते, दिवे लागतात आणि टॉर्च घेऊन शिपाई वर चढतो. तो मावशीचं एक्स-रेचं पाकीट दाबून बघतो, मागच्या पोत्यात हात घालतो, शिंकतो. मिरची आहे. पुष्कळांची मजुरी मिरचीतच मिळालेली असते. मग टॉर्च तुमच्या सत्तर लिटरवर येतो. एकेक चेन उघडत जातो. स्लीपिंग बॅग, हेडलॅम्प, दुमडता येणारा चमचा, प्रोटीन बार, सनस्क्रीन. सनस्क्रीनचा तो वास घेतो. त्या वेळी घाबरू नका, खरं काय ते सांगा. बॅकपॅकिंग करून आलो म्हणा.

“म्हणजे काय?”

पाठीवर सामान घेऊन जायचं, मिळेल तिथे झोपायचं, मिळेल ते खायचं, स्वस्तात राहायचं, दोन-तीन महिने.

शिपाई टॉर्च बंद करतो. त्याला समजलेलं असतं.

“असं का. मंग मिरची कुठं हाये?”