‘गरम लागलं की साप सरकतो’ म्हणे!

परवा आईने इस्लामपूरहून घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, ‘काचेच्या पेटीतल्या सापाला ऊब देण्याचे पाच सोपे उपाय’. शेजारचं बत्तीस शिराळा नागपंचमीच्या दिवसांत टाळणारी आमची आई! पण नातवाने मिशिगनमध्ये बॉल पायथन (छोटा बिनविषारी अजगर) पाळलाय, वेटोळं घालून बसतो म्हणून त्याचं नाव चकली ठेवलंय आणि तिकडे बर्फ पडतोय, म्हटल्यावर तिला राहवलं नाही. हाच मजकूर आधी मला तीन ठिकाणांहून आला होता, मी सोडून दिला. रात्री भाच्याने विचारलं, ‘मावशी, थर्मोस्टॅट परत करू का? गरज नाही असं लिहिलंय.’ थर्मोस्टॅट म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारं यंत्र. मग मात्र बसले लिहायला.

(भारतातल्या वाचकांनी आपल्याकडचा साप पेटीत ठेवायचा विचारही करू नये. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.)

पहिला उपाय : ‘तापणारा दगड ९० अंशांवर ठेवा.’ कसले अंश? मूळ इंग्रजीत फॅरनहाइट असणार, म्हणजे आपले ३२. उतरवून घेणाऱ्याने तेवढंच नेमकं गाळलं. ९० सेल्सिअसच्या दगडावर साप ठेवायचा की भाकरी?

दुसरा सगळ्यात घातक : ‘थर्मोस्टॅट हा कंपन्यांचा पैसे काढायचा धंदा. गरम लागलं की साप आपणच सरकतो.’ मीही एके काळी हेच मानत होते. अमेरिकेत, कोलंबस शहरात आल्यावर पहिला पायथन घेतला, पेटीच्या काचेखाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ पट्टी) चिकटवली आणि प्लग थेट भिंतीत खोचला. रोज पेटीत अंथरलेल्या भुशावर हात ठेवून ‘कोमट आहे’ म्हणायचे. डिसेंबरात ते चाललं. पण मॅट आपले ठरलेले वॉट देत राहते, खोली थंड की गरम हे तिला कळत नाही. मे महिन्यात खोली तापली तशी खालची काचही तापली. एका सकाळी पाहते तर साप भुसा उकरून थेट काचेवर बसलेला. पोटाचे खवले आधी गुलाबी दिसले, काही दिवसांनी तपकिरी झाले, मग पाण्याचे फोड आले. डॉक्टरांनी भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम दिलं, भुसा काढून पेपर टॉवेल अंथरायला लावले. तीनदा कात टाकली तेव्हा कुठे डाग फिके झाले.

तो सरकला का नाही? रानात ऊन वरून येतं. जमीन तापली की साप बिळात शिरतो, खाली गारवा असतो. आपण खालून ऊब दिली की हा हिशोबच उलटतो. सुटायला म्हणून तो उकरत खाली जातो आणि आणखी तापलेल्या काचेवर पोचतो. त्यात बाकीची पेटी गारठलेली असेल, तर ऊब मिळणारी तेवढी एकच जागा सोडून तो जाणार तरी कुठे?

‘ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही,’ हे मात्र खरं आहे. थंडीत साप गिळलेला उंदीर ओकून टाकतो. तेवढं एक वाक्य कुठून तरी बरं उचललंय.

तिसरा : ‘रात्री लाल बल्ब लावा, सापाला लाल दिसत नाही.’ १९९९ साली ‘जर्नल ऑफ एक्स्परिमेंटल बायॉलॉजी’त नेमका बॉल पायथनच्याच डोळ्यांवरचा अभ्यास छापून आला. त्याच्या डोळ्यात दोन प्रकारच्या शंकुपेशी (रंग टिपणाऱ्या पेशी) सापडल्या. एक अतिनील प्रकाश टिपते, दुसरीची सर्वाधिक संवेदना ५५१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला. आपल्याला लाल दाखवणारी पेशीसुद्धा ५६०च्या आसपासचीच असते! म्हणजे आपल्याला जसा लाल रंग दिसतो तसा त्याला दिसत नसेल, पण त्या बल्बखाली त्याच्यासाठी अंधार असतो, हे साफ खोटं आहे. रात्री ऊब हवीच असेल तर उजेड न पडणारा सिरॅमिक हीटर लावा, तोही जाळीच्या आवरणात.

चौथा, पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवायचा. उन्हात बंद गाडीत बसून बघा, पुढे मी काही बोलत नाही.

पाचवा : ‘झाकण प्लास्टिकने पूर्ण बंद करा.’ यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. हिवाळ्यात घरातली हवा कोरडी असते, जाळीच्या झाकणातून ऊब आणि ओलावा दोन्ही उडून जातात. म्हणून झाकणाचा काही भाग अॅल्युमिनियम फॉइलने झाकतात. पूर्ण नाही, आणि बल्बशेजारी प्लास्टिक तर नाहीच नाही.

भाच्याला कळवलंय : थर्मोस्टॅट जागेवर राहू दे, सेन्सर मॅट आणि काच यांच्या मधे. आत वेगळ्या थर्मामीटरने तपास, उबदार बाजू ३२, गार बाजू २५-२६, सेल्सिअस. काचेतून ऊब निसटते, म्हणून तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोल लाव.

आईला म्हटलं, तो फॉरवर्ड काढून टाक. तिने लगेच काढला. फक्त स्वतःच्या फोनमधून. ग्रुपवर तो अजून आहे, खाली काकूंचा अंगठा आलाय.