आपल्या बांधावरचं आधी बोला

कुठल्याही विषयावर चार ओळी लिहिल्या की कुणीतरी विचारतंच, "मग त्या अमक्या प्रकरणात का गप्प होतात?" सगळ्यावर बोलणं माझ्याच्यानं होत नाही. मी एवढंच बघतो, की ज्या अन्यायाचा फायदा माझ्या घरात येतो तिथं मला गप्प बसायची मुभा नाही.

आमचं घर उसाचं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं. हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, एफआरपीसाठी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरासाठी, वाहनं अडवली जातात. दराची लढाई खरी आहे, मीही त्यात असतो. पण तो ऊस तोडणाऱ्या बाईबद्दल आमच्या पट्ट्यात कुणी अवाक्षर काढत नाही.

पहाटेच्या थंडीत ती फडात उतरते. मूल पाचटावर झोपवलेलं. मग मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीवर चढायचं, पोटुशी असली तरी. हिशेबाला नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, त्यामुळे खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दुखण्यात खाडा परवडत नाही, वर खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातलेली. आमच्याकडे ही बातमी 'तिकडची' म्हणून वाचली गेली. अहो, बीडच्या टोळ्या आमच्याच फडात राबतात. मग ती तिकडची कशी?

भाऊबंद म्हणतात, "खुशाली घेतल्याशिवाय टोळी उसाला हात लावत नाही, आणि तू त्यांची बाजू घेतोस?" खुशाली म्हणजे तोडणीसाठी शेतकऱ्याकडून वरून घेतले जाणारे पैसे; तिचा जाच मला ठाऊक आहे. उचल देऊन बुडालेले ट्रॅक्टरवाले आमच्यातलेच. पण त्यातलं त्या बाईच्या हातात काय पडतं?

आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. गाव स्वतःच्या घरातल्या बायकांबद्दल बोललं. त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं.

मणिपूरमधल्या हिंसाचाराचं मी वाचतो, जीव तुटतो. पण माझा शब्द पोचतो तो गावच्या सोसायटीत आणि कारखान्याच्या सभेत.

म्हणून यंदा वार्षिक सभेत सभासद म्हणून लेखी मागणी देणार आहे: टोळ्यांच्या कोप्यांजवळ (झोपड्यांजवळ) संडास आणि प्यायचं पाणी, पाळीत नि आजारपणात खाडा कापायचा नाही, गरोदर बाईच्या डोक्यावर मोळी द्यायची नाही. सोबत सही करायला कोण कोण येतंय, कळवा.