‘चार दिवस गावी जाऊन या’ या सल्ल्याला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार फिरतो. बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून पार थकून जाणे, हे शहरी लोकांचे नवे फॅड आहे. आपले आजोबा पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबले, त्यांना कधी काही झाले नाही. हा कमकुवत मनाचा प्रश्न आहे. चार दिवस गावी जाऊन या, चांगले विचार करा, सगळे ठीक होईल, असा त्याचा आशय आहे. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मला मान्य आहे. परंतु बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, १४ वर्षे सुपरवायझर म्हणून काढल्यावर, आणि त्यातले दीड वर्ष याच अवस्थेत गेल्यावर, या संदेशाला गप्प बसून मान डोलावणे मला जमत नाही.

फॅडचा मुद्दा लवकर निकालात निघतो. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्येच आपल्या सहकाऱ्यांच्या या अवस्थेविषयी लिहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही तिची नोंद आहे. ती आजार म्हणून केलेली नाही, हे खरे; दीर्घकाळ चाललेल्या आणि आटोक्यात न आलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून केलेली आहे. तिची तीन लक्षणे तिथे दिली आहेत: शक्ती पार संपून जाणे, कामापासून मन तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे.

यातले दुसरे लक्षण माणसाला स्वतःचे स्वतःला दिसत नाही. आमच्याकडचा एक मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा कामगार, मुलाला ताप आहे म्हणून सुट्टी मागायला आला, तेव्हा मी रिजेक्शनच्या, म्हणजे बाद मालाच्या, वहीतून मान वरही न करता ‘मग माणसे मी कुठून आणू?’ एवढेच बोललो. तो थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. त्या मुलाचे नाव मला ठाऊक होते, त्याच्या बारशाला मी जेवून आलो होतो, आणि तरीही त्या क्षणी मला काहीही वाटले नाही.

आता आजोबांविषयी. त्यांचे कष्ट आमच्यापेक्षा अंगाला जास्त पिळणारे होते, याबद्दल वाद नाही. मात्र ‘त्यांना काही झाले नाही’ हे आपण कशावरून म्हणतो? त्यांना कोणी विचारलेच नव्हते. ‘जीव विटला’, ‘मन उडाले’ हे शब्द आपल्या भाषेत त्यांच्याच पिढ्यांकडून आले आहेत. शिवाय त्यांच्या कामाला एक चाल होती. सुगी संपली की हात थोडे मोकळे होत, मोठे काम पैऱ्याने, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून, होई, आणि राबल्याचे फळ खळ्यावर डोळ्यांसमोर पडे. कर्नाटकी बेंदूर या बैलांच्या सणाला तर बैलालाही कोणी जुंपत नसे. आमचे आजोबा खांदेसूज झालेल्या बैलाला दुबळा म्हणत नसत. ते त्याला आधी मोकळा सोडत, आणि मग जू उलटेपालटे करून कुठे घासते, दोन बैलांच्या उंचीत फरक आहे काय, हे बघत. विश्रांतीनंतर तेच जू पुन्हा त्याच खांद्यावर ठेवले तर सूज परत येते, हे त्यांना पक्के माहीत होते.

नेमके इथेच चार दिवसांच्या सुट्टीचा सल्ला अपुरा पडतो. मी खानापूर तालुक्यातल्या गावी आठ दिवस राहून आलो, झोप झाली, भूकही लागली. परतल्यावर पहिल्या सोमवारी तिसऱ्या रेल्वे गेटपाशी रेल्वे गेली, फाटक उघडले, मागून हॉर्न वाजू लागले, तरी स्कूटर सुरू करायला माझा हात उठेना. रात्रपाळीचे फोन तसेच येत होते, आणि साच्याच्या वाळूतल्या दोषामुळे बाद झालेल्या मालाचा जाब मलाच द्यावा लागत होता, जरी वाळू बदलण्याचा अधिकार मला नव्हता.

म्हणूनच कमकुवत मनाचा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. या विषयाच्या अभ्यासक क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामाच्या ज्या सहा बाजू तपासायला सांगितल्या, त्या अशा: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला व कदर, सहकाऱ्यांशी नाते, न्याय आणि मूल्ये. चांगले विचार करून यातली एकही बदलत नाही.

माझ्या बाबतीत बदल झाला तो मालकांशी तिसऱ्यांदा बोलल्यावर. रात्रीचे फोन पाळीच्या माणसाकडे गेले, वाळूच्या तपासणीत माझा शब्द धरला जाऊ लागला आणि आठवड्याची सुट्टी खरोखर सुट्टी झाली. त्याआधी डॉक्टरांनी रक्त तपासले होते, कारण थायरॉइड किंवा रक्तक्षयामुळेही असाच थकवा येतो. कामाबाहेरही कशातच मन लागत नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि तिथे वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येते.

सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने आली, मध्ये दोनदा मागेही गेली. पुढच्या पावसाळ्यात तोच मोल्डर पुन्हा सुट्टी मागायला आला, तेव्हा मी वही मिटली आणि मुलगा कसा आहे ते विचारले.